तीस ग्रॅम मासे

दुसऱ्या बाळंतपणानंतर नवव्या दिवशी, जूनमधल्या एका सोमवारी सकाळी दहाच्या सुमारास, धाकट्या डहाणूतल्या माहेरच्या घरात मी माझ्या आईला ओळखलं नाही.

हे मला आठवत नाही. नवव्या दिवसापासून पंधराव्या दिवसापर्यंतचं काहीही आठवत नाही. ते दिवस मी तीन ठिकाणांहून गोळा केले: आय, म्हणजे माझी आई, माझा नवरा प्रशांत, आणि रुग्णालयाचे कागद. अकरा वर्षं मी एका वृत्तपत्राच्या डेस्कवर काम केलं. एकाच माणसाने सांगितलेली गोष्ट छापायची नाही, दुसरीकडून खात्री करून घ्यायची, ही तिथली सवय. जिथे खात्री झाली नाही, तिथे तसं नमूद केलं आहे.

आयने सांगितलं ते असं. ती पेजेचा वाडगा घेऊन खोलीत आली. मी म्हणाले, "मावशी, तिथे ठेवा."

"मावशी? मंग तुजी आय कोन, बाजारातली?" तिला ती चेष्टा वाटली.

मी हसले नाही. शेजारी झोपलेल्या मुलीकडे पाहून विचारलं, "हे बाळ कोणाचं?"

आता नोव्हेंबर आहे. मी बरी आहे. हाच आजार माझ्याकडून माझ्या सात वर्षांच्या मुलाकडे, वेदकडे गेला आहे. तो आज आठ दिवस गुजरातमधल्या वापीच्या एका रुग्णालयात अतिदक्षता विभागात आहे. त्याच्या मेंदूला किती इजा झाली आणि त्यातलं किती भरून येईल, हे अजून कोणी सांगू शकलेलं नाही. विभागाबाहेरच्या बाकावर बसून मी हे लिहिते आहे. कुणाच्या हाती असाच आहाराचा तक्ता आला, तर आमच्या घरी झालेली चूक त्याच्या घरी होऊ नये, एवढाच हेतू आहे.

"ही काय खाते?"

डहाणूत सगळ्या तपासण्या झाल्या. साखर ठीक. क्षार ठीक. डोक्याचा स्कॅन ठीक. बाळंतपणानंतर काही बायकांच्या मनावर परिणाम होतो, असं प्रशांतला सांगण्यात आलं आणि झोपेचं औषध सुरू झालं. तिसऱ्या दिवशी हाक मारली तरी मी डोळे उघडेना. प्रशांत तलासरीला जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. तलासरीतली माणसं मोठ्या दुखण्याला मुंबईपेक्षा वापीला जातात, कारण ते जवळ आहे. त्याने मला वापीला नेलं.

तिथल्या डॉक्टर वयाने माझ्यापेक्षा लहान होत्या. त्यांनी आधीचे कागद वाचले, बाजूला ठेवले आणि आयला विचारलं, "ही काय खाते?"

आतापर्यंत हे कोणी विचारलं नव्हतं. आयने अभिमानाने सांगितलं. सकाळी मेथीची पेज. दुपारी निवट्यांचं कालवण. चार वाजता सोड्यांचा रस्सा. जेवायला सुकट किंवा सुका बोंबील. निवट्या म्हणजे खाडीच्या चिखलात मिळणारे बोटभर मासे. त्याने बाळंतिणीला दूध येतं, असं आमच्याकडे मानतात.

"जूनमदी होड्या बंद. ताजं मावरं कुटून आननार? तरी मी काय कमी पडू दिलं नाय," आय म्हणाली.

"बाळंतपणाआधी ती एवढे मासे खायची?"

"छा! हिला मावरं कदी आवडलंच नाय. दर्यावर जल्मली आनि भाजी मागते. हिला वाणगावच्या वांगीवाल्याला द्यायला पायजे व्हती."

"मग आता कसे खाल्ले?"

"बालंतीन हाय. तिच्या आवडीला कोन इचारतो?"

डॉक्टरांनी रक्तातला अमोनिया तपासायला सांगितला. तो नमुना बर्फात ठेवून लगेच न्यावा लागतो. आयने नर्सला कारण विचारलं. नर्स गुजराती. तिने मोडक्या मराठीत सांगितलं, बाहेर ठेवला तर नमुना खराब होतो, आकडा चुकतो.

"म्हंजे मावऱ्यासारखंच," आय म्हणाली. त्या आठवड्यात रुग्णालयातली तिला समजलेली ही पहिली गोष्ट होती.

आकडा ३१२ आला. तो साधारण पन्नासच्या आत असावा लागतो.

साखळी

मी शुद्धीवर आल्यावर डॉक्टरांनी मला कागदावर मण्यांची माळ काढून दाखवली. मला समजलं तेवढं लिहिते.

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांब साखळी. मणी वीस प्रकारचे. माशातलं प्रथिन, डाळीतलं, दुधातलं, आपल्या दंडातलं, सगळी त्याच वीस मण्यांची. फरक फक्त क्रमाचा. आपण खाल्लेली साखळी पोटात सुटी होते आणि त्या मण्यांतून शरीर स्वतःच्या साखळ्या ओवतं. काही मणी शरीराला बनवता येत नाहीत, ते खाण्यातूनच यावे लागतात. म्हणून प्रथिन पूर्ण बंद करता येत नाही.

उरलेले मणी साठवता येत नाहीत. जादा साखर साठते, तेल-तूप चरबी होऊन साठतं, पण जादा अमिनो आम्ल मोडावंच लागतं. प्रत्येकात नायट्रोजन असतो आणि मोडलं की त्याचा अमोनिया होतो. अमोनिया मेंदूला विष आहे. निरोगी माणसाचं यकृत त्याचा युरिया करतं आणि तो लघवीतून जातो. हे काम पाच-सहा विकरं, म्हणजे एन्झाइम, क्रमाने करतात. माझ्यात त्यातलं एक विकर फार थोडं आहे.

एरवी ते पुरलं. लहानपणापासून मासे समोर आले की मला मळमळायचं. ते नखरे नव्हते. शरीर स्वतःला सांभाळत होतं. बाळंतपणानंतर गर्भाशय आकसतं तेव्हा त्याचं स्वतःचं प्रथिनही मोडतं. त्यावर निवट्या, सोडे, सुकट. नवव्या दिवशी ते पुरेनासं झालं.

"म्हणजे आयने..." मी विचारायला सुरुवात केली.

"तुमच्या आईने तेच केलं, जे कोणतीही आई करेल," डॉक्टर म्हणाल्या. मला हे उत्तर वाटलं नाही.

चाळीसावी जागा

ऑगस्टमध्ये जनुकांचा अहवाल आला. ते विकरही एक प्रथिनच आहे. तीनशे चोपन्न अमिनो आम्लांची साखळी. माझ्याकडच्या जनुकाच्या एका प्रतीत तिच्या चाळीसाव्या जागी आर्जिनिनऐवजी हिस्टिडिन आहे. बाकी तीनशे त्रेपन्न मणी जागच्या जागी आहेत.

प्रथिनाचं काम त्याच्या आकारावर चालतं. साखळी ओवून झाली की ती स्वतःभोवती दुमडते, ठरलेल्या ठिकाणी ठरलेले मणी एकमेकांना धरतात, आणि त्या घडीतून काम करणारी जागा तयार होते. हिस्टिडिन आला की ती घडी सैल बसते. पेशी सैल घडीची प्रथिनं ठेवून घेत नाही. मोडून टाकते.

मला रोज आर्जिनिनची पूड पाण्यातून घ्यायला सांगितली होती. चव बुरशी लागलेल्या माशासारखी. मी डॉक्टरांना विचारलं, "हे आर्जिनिन जाऊन त्या चाळीसाव्या जागी बसतं का?"

"नाही. तिथे नेहमी हिस्टिडिनच येणार. हे फक्त साचलेला नायट्रोजन दुसऱ्या वाटेने बाहेर काढायला मदत करतं."

"कधीपर्यंत घ्यायचं?"

"कायम."

ते जनुक एक्स गुणसूत्रावर आहे. बाईकडे दोन प्रती असतात, एक बिघडली तर दुसरी थोडंफार भागवते. मुलग्याकडे एकच. वेदकडे माझी बिघडलेली प्रत गेली असण्याची शक्यता निम्मी होती. त्याच्या रक्ताचा नमुना त्याच दिवशी पाठवला. मुलीची तपासणी नंतर करायचं ठरलं.

वेदही मासे खात नाही. आम्ही त्याला हसायचो.

किरण

माझा मोठा भाऊ किरण सोळाव्या वर्षी गेला. तेव्हा मी बारा वर्षांची होते. होडीवर पहिल्यांदा आठ दिवस जाऊन आला आणि तापाने पडला. होडीवर भात आणि मासे याशिवाय दुसरं काही नसतं. घरी आल्यावर आय त्याला दिवसातून तीनदा माशांचं पाणी पाजत होती, ताकद यावी म्हणून. तो तोंड फिरवायचा. ती मांडीवर डोकं घेऊन भरवायची. तिसऱ्या दिवशी तो आम्हाला ओळखत नव्हता. पाचव्या दिवशी गेला. कागदावर मेंदूज्वर लिहिलं.

माझा अहवाल हातात आल्यावर मला आणि प्रशांतला एकाच वेळी सुचलं, किरणलाही हाच आजार असावा. आम्ही ठरवलं, आयला सांगायचं नाही. किरणच्या रक्ताचा नमुना कुठेही नाही. दुजोरा देणारं काही नाही. दुजोरा नसलेली गोष्ट सांगायची नाही, असं मी प्रशांतला म्हणाले. ते सोयीचंही होतं.

निकाल

वेदचा अहवाल गणपतीच्या आठवड्यात आला. चाळीसाव्या जागी हिस्टिडिन.

प्रशांत मूळचा कैनाडचा, शेतकऱ्याच्या घरातला. फार बोलणारा नाही. तिसऱ्या दिवशी चहा घेताना म्हणाला, "माझ्याकडून काही गेलं नाही ना?"

"नाही. वडिलांचं एक्स मुलग्याला जातच नाही."

"बरं," तो म्हणाला. मग त्याने कप खाली ठेवला. "मी असं विचारायला नको होतं."

मी म्हटलं, विचारलंस तेच बरं. आम्ही त्यावर पुन्हा बोललो नाही. पण त्या दिवसापासून वेदचं ताट तो वाढत नाही. मीच वाढते. कारण त्याने सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

वेदला आम्ही सांगितलं की त्याच्या पोटाला काही गोष्टी मोजून द्याव्या लागतील.

"मासे?"

"तेही."

"मग मी आधीपासून बरोबर होतो," तो म्हणाला. "आजीला सांग."

तक्ता

आहारतज्ज्ञ बाईंनी वेदसाठी इंग्रजीत एक पान दिलं. दिवसाला बावीस ग्रॅम प्रथिन. भात किती, डाळ किती, दूध किती. शेवटच्या रकान्यात एक पर्याय: दूध नको असेल त्या दिवशी एक अंडं, किंवा तीस ग्रॅम मासे. आमच्या घरी मासे मिळतात हे त्यांना माहीत होतं, म्हणून त्यांनी तो आवर्जून घातला होता.

आयला इंग्रजी येत नाही. मी त्या पानाचं मराठी केलं. मोठ्या अक्षरात टाइप केलं, एका पानात बसवलं, दोन प्रती काढल्या. एक तलासरीच्या घरी फ्रिजवर लावली. दुसरी प्लास्टिकमध्ये घालून धाकट्या डहाणूला दिली. आयने ती देवघराशेजारी खिळ्याला टांगली.

इंग्रजी ओळीत 'ताजे, कच्च्या वजनाने' असे शब्द होते. ओळ लांब होत होती. मराठीत मी लिहिलं: मासे – ३० ग्रॅम.

अकरा वर्षं मी लांब ओळी कापत आले होते. हे कापताना मला थांबावंसं वाटलं नाही. तलासरीत मासे म्हणजे बाजारातून आणलेले ताजे मासे.

दिवाळीची सुट्टी

दिवाळीच्या सुट्टीत वेदला आजीकडे जायचं होतं. सहा दिवस. लहान मुलगी सर्दीने आजारी, म्हणून मी तलासरीला थांबले. प्रशांत त्याला सोडून आला.

रोज सकाळी मी फोन करायचे.

"तीस ग्राम," आय सांगायची. "काट्यावर मोजून. एक काडी जास्ती नाय. तुज्या डॉक्टरनीला सांग, माजा काटा सरकारी शिक्क्याचा हाय."

"दूध दे ना त्यापेक्षा."

"दूध शेरातली पोरं पितात. तीस ग्राम लिवलंय ना तू? मंग?"

"तो खातो का पण?"

"तो काय खातो! वाटून भातात घालते. त्याला कळतच नाय." ती हसली. "तुला पन अशीच घालायची."

मागून वेदचा आवाज आला, "आजी, काय घालतेस?" आणि फोन बंद झाला.

मी आकडा विचारला. आकडा बरोबर होता. पुढचं काही विचारलं नाही.

त्या आठवड्यात समुद्र खवळलेला होता. वाऱ्याचा इशारा असल्याने होड्या चार दिवस बंदरातच होत्या. ताजे मासे नव्हते. पण पावसानंतरचे पहिले बोंबील बांबूच्या वलांडीवर वाळून तयार झाले होते. आयने त्यातले निवडून घेतले. तिच्या दृष्टीने ते अधिक चांगलं होतं. आमच्याकडे ताजा मासा जड आणि सुका हलका मानतात. आजाऱ्याला, लेकुरवाळीला, दात येणाऱ्या पोराला सुकंच देतात. उन्हाने त्यातला जोर निघून जातो, अशी समजूत आहे.

चौथ्या दिवशी वेद चिडचिडा झाला. शेजारच्या मुलाशी भांडला आणि त्याला चावला. पाचव्या दिवशी सकाळी उलटी. आयने फोन केला तेव्हा अकरा वाजले होते.

"कायतरी खाल्लं असेल फराळातलं. झोपलाय आता."

"त्याला उठव. माझ्याशी बोलायला सांग."

बराच वेळ फक्त तिचा आवाज येत होता. "वेद. ए वेद. आई हाय फोनवर. बग." मग ती म्हणाली, "उटत नाय गं."

मी तिला म्हटलं, गाडीत घाल आणि निघ. शेजाऱ्यांच्या गाडीतून ती निघाली. आम्ही तलासरीच्या नाक्यावर हायवेला उभे होतो. गाडी साडेबाराला आली. वेदचं डोकं तिच्या मांडीवर होतं. मी पुढे बसले आणि मागे वळून त्याचं नाव घेत राहिले. वापीपर्यंत त्याने दोनदा डोळे उघडले. दोन्ही वेळा तो गाडीच्या छताकडे पाहत होता.

अमोनिया ४१८.

ओलं की सुकं

डायलिसिस सुरू झालं. सोडियम बेन्झोएटची सलाईन लावली. लोणच्याच्या बाटलीवर टिकवण्यासाठी वापरलं म्हणून जे नाव छापलेलं असतं, तेच. ते शरीरातल्या ग्लायसिनला, म्हणजे सगळ्यांत लहान अमिनो आम्लाला, धरून लघवीतून बाहेर नेतं. एकेका मण्याबरोबर एक नायट्रोजन जातो.

आहारतज्ज्ञ बाई चार वाजता आल्या. आयने पिशवीतून प्लास्टिकमधला तक्ता काढला. तो ती खिळ्यावरून काढून बरोबर घेऊन आली होती.

"यात लिवलंय तसंच दिलंय," ती म्हणाली. "तीस ग्राम. चार दिवस. काटा पन आनू का?"

"मासे कोणते?"

"बोंबील."

"ओले की सुके?"

"सुके. होड्या गेल्याच नव्हत्या."

बाईंनी तक्ता हातात घेतला. वाचला. उलटून पाठीमागे पाहिलं. मग माझ्याकडे पाहून विचारलं, "हा कोणी केला?"

मी म्हटलं, मी.

त्यांनी आवाज चढवला नाही. तीस ग्रॅम ताज्या माशात जेवढं प्रथिन त्यांनी धरलं होतं, त्याच्या जवळपास तिप्पट तीस ग्रॅम सुक्या बोंबलात असतं, असं सांगितलं. बावीस ग्रॅममधले अठरा तिथेच संपत होते. वर भात होता, डाळ होती, दिवाळीचं बेसन होतं.

"पन उन्हात वाळवलं, मीठ लावलं, मंग भाजलं," आय म्हणाली. "त्याचा जोर जातो ना?"

बाईंनी तिला समजावून सांगितलं. ऊन, मीठ, विस्तव यांनी प्रथिनाची घडी उलगडते. मासा शिजला की पांढरा आणि घट्ट होतो, तो त्यामुळे. पण साखळीतले मणी तसेच राहतात. एकही कमी होत नाही. वाळवल्यावर जातं ते फक्त पाणी.

"पानी जातं ते मला म्हाईत हाय," आय हळू म्हणाली. "सात किलो ओला टांगला का एक किलो उरतो. चाळीस वर्सं टांगते मी."

ती बाकावर बसली. तिने हिशेब स्वतःच केला.

"म्हंजे किरणला पन मीच," ती म्हणाली.

मी म्हटलं, "तसं म्हणता येत नाही, आय. त्याची तपासणी झालेली नव्हती."

"तुला कवापासून म्हाईत हाय?"

मी म्हटलं, "ऑगस्टपासून."

तिने मान हलवली. "आगस्टला सांगितलं असतंस," ती म्हणाली, "तर मी पोराला मावऱ्याचा वास पन घेऊ दिला नसता."

मी एक शब्द कापला आणि एक बातमी दाबली. दोन्ही वेळा मला ते योग्य वाटलं होतं.

बाक

अतिदक्षता विभागात सकाळी अकराला आणि संध्याकाळी पाचला, दहा-दहा मिनिटं, एकेकालाच सोडतात. चपला बाहेर काढून हिरवा डगला घालायचा. वेदच्या मनगटावर पट्टी आहे, तिच्यावर त्याचं नाव इंग्रजीत चुकीचं छापलं आहे. पहिल्या दिवशी मी ते नर्सला सांगितलं. ती म्हणाली, "बेन, नंबर बराबर छे." नंबर बरोबर होता, म्हणून मी पुन्हा सांगितलं नाही.

झाडलोट करणाऱ्या बाईने दुसऱ्या दिवशी आयसाठी पाठ टेकायची खुर्ची आणून दिली. कुठून आणली ते सांगितलं नाही. ही त्या आठवड्यातली एक बरी गोष्ट. दुसरी म्हणजे कैनाडला प्रशांतच्या घरी ठेवलेल्या मुलीची सर्दी गेली.

प्रशांत शाळेतून आला की काचेपाशी उभा राहतो. एकदा त्याने विचारलं, "ताजे हा शब्द किती मोठा आहे?" मग लगेच म्हणाला, "असू दे." तो कडू माणूस नाही. मी हे नोंदवते आहे, कारण ते झालं.

आय काही खात नाही, चहा सोडून. काल मी तिला पोळी-भाजी आणून दिली. तिने विचारलं, "यात किती हाय?" प्रथिन किती, असं तिला म्हणायचं होतं. मी म्हटलं, तुला मोजायची गरज नाही. ती म्हणाली, "मला आता मोजल्याबिगर घास उतरत नाय."

धाकट्या डहाणूला शेजारच्या बायकांनी आमच्या वलांडीवरचे बोंबील उतरवून ठेवले आहेत. त्यांचं काय करायचं म्हणून दोनदा फोन आला. आयने दोन्ही वेळा फोन माझ्याकडे दिला.

डॉक्टरांचं म्हणणं असं: अमोनिया उतरतो आहे. स्कॅनमध्ये मेंदूला सूज आहे. आकडा उतरला म्हणजे मेंदू पूर्ववत होतोच असं नाही. पुढे यकृत बदलण्याचा विचार करावा लागेल, कारण नव्या यकृतातलं विकर बरोबर घडीचं असतं. पण तो पुढचा प्रश्न आहे. आधी तो किती परत येतो ते पाहायचं. किती दिवसांत, हे मी विचारलं. त्यांनी खांदे उडवले नाहीत, आश्वासनही दिलं नाही. "सांगता येत नाही," असं म्हणाल्या.

ज्यांच्या घरी असा तक्ता आहे त्यांनी विचारून घ्यावं: ओलं की सुकं, कच्चं की शिजलेलं. जो मोजणार आहे त्याच्यासमोर विचारावं. भाषांतर केलं असेल तर ते आहारतज्ज्ञाला वाचून दाखवावं. मी दाखवलं नव्हतं.

तलासरीच्या घरी फ्रिजवर लावलेल्या प्रतीत प्रशांतने पेनाने 'ताजे, कच्चे' असं लिहिलं आहे. डहाणूची प्रत आयच्या पिशवीत आहे. तिच्यावर काही लिहिलेलं नाही.

आज आठव्या दिवशी सकाळी आठचा अमोनिया ५८ आला. साडेनऊला श्वासाची नळी काढली. वेदने पाणी मागितलं, मराठीत. अकराला डॉक्टरांच्या परवानगीने आयला आणि मला एकत्र आत सोडलं. नर्सने आयकडे बोट दाखवून त्याला विचारलं, "दीकरा, आ कोण?"

वेद म्हणाला, "आजी."

तिने माझ्याकडे बोट दाखवून पुन्हा विचारलं. वेदने माझ्याकडे पाहिलं. उत्तर दिलं नाही.